पायलटची रँक, तास आणि पगार: नव्याने येणाऱ्यांनी कुठून समजून घ्यायचं

मी आधी बरीच वर्षं सैन्याची वाहतूक विमानं उडवली आणि मग एअरलाइनमध्ये आलो. पहिल्या दिवशी माझ्या खांद्यावर तीन पट्टे होते आणि डावीकडच्या सीटवर बसलेला कॅप्टन माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, पण घरच्यांना वाटलं, "अरे तू तर तिकडे एवढा मोठा ऑफिसर होतास, मग इथे असिस्टंट कसा काय?" तेव्हा एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. त्यानंतर किती मुलामुलींनी हेच प्रश्न विचारले, कॅप्टन म्हणजे नक्की कोण, १५०० तास कशाला लागतात, सैन्यात जाऊ की थेट एअरलाइनला, पैसा कुठे जास्त. म्हणून आज सगळं एका जागी लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. रँक, अनुभव आणि पगार ही तीन वेगळी खाती आहेत, एक वाढलं म्हणून दुसरं आपोआप वाढत नाही, आणि एअरलाइन व सैन्य या दोन्हीकडे ती वेगवेगळ्या पद्धतीने चालतात. बहुतेकांचा गोंधळ होतो तो ही तीन एकच समजल्यामुळे.

१. आधी "कॅप्टन" हा शब्द सोडवून घ्या

हा एक शब्द चार जागी चार अर्थाने येतो. एअरलाइनचा कॅप्टन म्हणजे कंपनीने ज्याला विमानाची कमांड दिली तो. अमेरिकन हवाई दलातला कॅप्टन म्हणजे साधारण चार वर्षं नोकरी झालेला तरुण ऑफिसर, भारतीय किंवा ब्रिटिश हवाई दलातल्या फ्लाइट लेफ्टनंटच्या बरोबरीचा. भूदलातला कॅप्टनही त्याच पातळीवर. आणि नौदलातला कॅप्टन मात्र थेट कर्नल किंवा ग्रुप कॅप्टनच्या बरोबरीचा, म्हणजे खूप वरचा. त्यामुळे कोणी "मी कॅप्टन आहे" म्हणाला की आधी विचारा कुठला.

यात अजून एक शब्द येतो, पायलट-इन-कमांड, पीआयसी. ही कायद्यातली जबाबदारी आहे, रँक नाही. त्या उड्डाणाच्या सुरक्षिततेसाठी शेवटी जबाबदार कोण, एवढंच ती सांगते. दोन सीटच्या छोट्या विमानात एकटा उडणारा विद्यार्थीही त्या वेळी पीआयसी असतो. हा शब्द पुढे तासांच्या हिशोबात परत येणारे, तेव्हा लक्षात ठेवा.

२. एअरलाइनची शिडी: लहान आहे, पण रांग लांब

एअरलाइनमध्ये पायऱ्या फार नाहीत. चार पट्टे कॅप्टनचे, तीन फर्स्ट ऑफिसरचे, काही कंपन्यांत नवा फर्स्ट ऑफिसर दोन पट्ट्यांवर सुरू होतो आणि सीनियर झाल्यावर तिसरा मिळतो. कॅथे पॅसिफिक, क्वांटस अशा लांब पल्ल्याच्या कंपन्यांत सेकंड ऑफिसर पण असतो, तो विमान वर स्थिर झाल्यावर मूळ जोडी विश्रांतीला गेली की कॉकपिट सांभाळतो. हे पट्टे नौदलावरून आलेत, १९३० च्या दशकात पॅन अ‍ॅमने आपल्या उडत्या बोटींच्या (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या) पायलटांना नौदलासारखा पोशाख दिला आणि ती पद्धत जगभर पसरली.

फर्स्ट ऑफिसर हा असिस्टंट नसतो, हे कृपया घरी पण समजावून सांगा. तो पूर्ण पात्र पायलट असतो, साधारण एक फेरी कॅप्टन उडवतो तर दुसरी तो, आणि जो उडवत नाही तो रेडिओ आणि देखरेख बघतो. फरक अंतिम निर्णयाचा असतो.

आता खरी गोष्ट. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तुमचं सगळं आयुष्य एका आकड्यावर चालतं, सीनियॉरिटी नंबर. तुम्ही कधी रुजू झालात त्यावरून तो ठरतो आणि त्यावरून ठरतं की कुठलं विमान मिळणार, कॅप्टन कधी होणार, सुट्टी कुठल्या महिन्यात मिळणार, आणि मंदी आली तर आधी घरी कोण जाणार (सगळ्यात शेवटी आलेला). हा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही! वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस अशा नव्या कंपनीत गेला तर तो रांगेत शेवटी, परत उजव्या सीटवर. सैन्यातली ज्येष्ठता तर इथे अजिबात मोजली जात नाही, माझं तेच झालं. आखातातल्या आणि आशियातल्या काही कंपन्या अनुभवी माणसाला थेट कॅप्टन म्हणून घेतात, पण त्यांना त्याच प्रकारच्या विमानावरचे कमांडचे तास हवे असतात.

कॅप्टन व्हायला तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात, एटीपीएल (एअरलाइन पायलटचं सगळ्यात वरचं लायसन्स), कंपनीने ठरवलेले तास, आणि जागा रिकामी असणं. वाढणाऱ्या कंपनीत चार-पाच वर्षांत होतं, थांबलेल्या कंपनीत पंधरा वर्षं पण लागतात, आणि यात तुमच्या हुशारीचा वाटा फार थोडा असतो. अमेरिकेत तर नियमच आहे की एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायच्या आधी एअरलाइनचे किंवा नियमात मान्य केलेल्या तत्सम कामाचे १००० तास हवेत, त्यात सैन्यातल्या दोन-पायलटी टर्बाइन विमानांवरच्या कमांडचे जास्तीत जास्त ५०० धरतात.

३. सैन्याची शिडी: इथे एकाच वेळी दोन शिड्या चढायच्या असतात

पहिली शिडी ऑफिसरची. भारतीय हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर, मग २ वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, ६ वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, १३ वर्षांनी विंग कमांडर, इथपर्यंत अटी पूर्ण केल्या की सेवेच्या वर्षांवर बढती मिळते आणि त्यापुढे निवड सुरू होते. अमेरिकेत नावं वेगळी, सेकंड लेफ्टनंट, फर्स्ट लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर. पण दोन्हीकडे ही रँक सांगते तुमची नोकरी किती झाली आणि जमिनीवर तुम्ही किती माणसं सांभाळू शकता. तुम्ही उडवता कसं, हे ती सांगत नाही.

ते सांगते दुसरी शिडी. लढाऊ विमानांत तुम्ही विंगमन म्हणून सुरू करता, मग दोन विमानांचा लीडर, मग चार विमानांचा, मग पूर्ण मोहिमेचा कमांडर, मध्ये कुठेतरी इन्स्ट्रक्टर. वाहतूक विमानांत कोपायलट, मग एअरक्राफ्ट कमांडर, मग इन्स्ट्रक्टर. ही प्रत्येक पायरी परीक्षा देऊन मिळते. आणि त्यामुळे असं घडतं की विमानाचा कमांडर रँकने लहान आणि त्याच्या शेजारी कोपायलट म्हणून बसलेला रँकने मोठा. हवेत ऐकायचं कमांडरचं, खाली उतरल्यावर सॅल्यूट मोठ्या रँकला. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, आत असलेल्यांना अजिबात नाही.

सगळे सैनिकी पायलट कमिशन्ड ऑफिसर असतात असंही नाही. अमेरिकन भूदलाची हेलिकॉप्टरं बहुतांशी वॉरंट ऑफिसर उडवतात, त्यांची पूर्ण कारकीर्द उडण्यातच जाते. ज्यांना ऑफिसची फाइल नको, फक्त उडायचंय, त्यांना तो मार्ग फार आवडतो. ऑफिसरचं तसं नसतं, रँक वाढली की टेबल वाढतं आणि उड्डाण कमी होतं, हे सैन्यात जाण्याआधीच मनाशी मान्य करून जा.

४. तास मोजायला शिका (हा भाग सावकाश वाचा)

"माझे २००० तास आहेत" या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. कुठले तास, हे विचारलं जातं. एकूण, कमांडचे, सहवैमानिक म्हणून केलेले, मल्टी इंजिन, टर्बाइन किंवा जेट, रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवलेले), क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे), इन्स्ट्रक्टर म्हणून दिलेले. सिम्युलेटरचे तास वेगळ्या रकान्यात, ते एकूण उड्डाणात मिसळू नका.

आंतरराष्ट्रीय पाया आयकाओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नागरी विमानवाहतूक संघटना, ठरवते. कमर्शियल लायसन्सला २०० तास, मान्यताप्राप्त सलग कोर्स असेल तर १५०, वय किमान १८. एटीपीएलला १५०० तास आणि वय २१, त्यातही १०० रात्रीचे, २०० क्रॉस कंट्री, ७५ इन्स्ट्रुमेंटचे लागतात. देश त्यावर आपले नियम घालतात, म्हणून तुम्ही जिथे लायसन्स घेणार तिथला नियम वाचा, मित्राच्या देशातला नको. बऱ्याच देशांत २००-२५० तासांवर, कमर्शियल लायसन्स आणि टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) घेऊन, एअरलाइनच्या उजव्या सीटवर बसता येतं. अमेरिकेत तिथेही १५०० लागतात.

तो नियम आला त्यामागची गोष्ट माहीत असायला हवी. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरची फ्लाइट ३४०७ अमेरिकेत बफेलोजवळ कोसळली, ५० माणसं गेली. विमानाचा वेग कमी होत गेला, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, सूचना आली तेव्हा दांडा पुढे ढकलायचा तर मागे ओढला गेला. चौकशीत प्रशिक्षण, थकवा, फर्स्ट ऑफिसरचा तुटपुंजा पगार, सगळं बाहेर आलं आणि २०१३ मध्ये १५०० तासांचा नियम लागू झाला. पण अपघाताच्या वेळी त्या दोघांचेही तास १५०० च्या वर होते, कॅप्टनचे तीन हजारांच्या वर. म्हणून मी नव्या मुलांना कळकळीने सांगतो, तास भरण्यासाठी उडू नका, प्रत्येक तासात काहीतरी शिका, कारण मुलाखतीत ते पाच मिनिटांत कळतं आणि हवेत त्याहून लवकर.

सैन्यातून येणाऱ्यांसाठी खास. तुमचा आकडा लहान दिसणार आहे, घाबरू नका. एअरलाइनचा पायलट वर्षाला ७०० ते ९०० तास सहज उडतो (वरची मर्यादा युरोपात कॅलेंडर वर्षाला ९००, अमेरिकेत ३६५ दिवसांत १०००), लढाऊ पायलट वर्षाला दीडशे-दोनशे. त्यामुळे १५०० तासांचा लढाऊ पायलट म्हणजे आठ-दहा वर्षांचा मुरलेला माणूस. हे ओळखूनच अमेरिकेत सैनिकी पायलटांना ७५० तासांवर मर्यादित एटीपी (एटीपीएलचंच अमेरिकन नाव) मिळतं. दुसरं, नागरी उड्डाणात वेळ विमान स्वतःच्या ताकदीने हललं तिथपासून परत थांबेपर्यंत मोजतात, आणि अमेरिकेसारख्या सैन्यांत टेकऑफपासून लँडिंगपर्यंत. म्हणून काही एअरलाइन्स दर सॉर्टीमागे (सैन्यातल्या एका उड्डाणामागे) ०.२ किंवा ०.३ तास वाढवून देतात, १००० सॉर्टी असतील तर ०.३ ने ३०० तास वाढले की! फॉर्ममध्ये मात्र आकडा मूळ लिहायचा की वाढवून, ते सूचनांमध्ये बघा, दोन्हीकडून वाढ झाली तर तुम्ही खोटं लिहिलं असं दिसेल.

पीआयसीचा सापळा सगळ्यात वाईट. अमेरिकेत रेटिंग असलेला पायलट एकटा कंट्रोल हाताळत असेल तर तेवढा वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतो, बाकी बऱ्याच ठिकाणी हे चालत नाही, तिथे प्रत्यक्ष कमांड तुमच्याकडे असली पाहिजे. माझ्या पहिल्या अर्जात मी सैन्याच्या रेकॉर्डमधला कमांड आणि इन्स्ट्रक्टरचा वेळ एकाच रकान्यात टाकला होता, अर्ज परत आला, सगळं सॉर्टी-सॉर्टी करून वेगळं करायला दोन महिने गेले आणि तेवढ्यात ती भरती बंद झाली. ते दोन महिने मला सीनियॉरिटीत किती नंबर मागे घेऊन गेले ते आजही रोस्टरवर (ड्यूटीच्या वेळापत्रकावर) दिसतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून रकाने वेगळे ठेवा.

आणि खोटे तास कधीच नाही. विमानाच्या टेक लॉगशी (विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीशी), क्लबच्या नोंदींशी पडताळणी होते, आणि एकदा लायसन्स गेलं की त्याबरोबर नाव पण जातं.

५. ही कागदपत्रं आत्तापासून एका फाइलमध्ये

- लायसन्स आणि त्यावरची सगळी रेटिंग्ज
- क्लास १ मेडिकल. वैधता साधारण १२ महिने, साठीनंतर ६ महिने. ट्रेनिंगचे पैसे भरण्याआधी हे मेडिकल करा, नंतर नाही, डोळ्यांत किंवा हृदयात काही निघालं तर पैसे परत येत नाहीत
- लॉगबुक, कागदी आणि डिजिटल दोन्ही, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, मूळ वही प्रवासात चेक-इन बॅगेत टाकू नका
- इंग्रजी प्रावीण्याचं प्रमाणपत्र, किमान लेव्हल ४. लेव्हल ४ ची साधारण दर ३ वर्षांनी, ५ ची दर ६ वर्षांनी परत परीक्षा, ६ ला नाही
- रेडिओ टेलिफोनीचं लायसन्स
- टाइप रेटिंग आणि शेवटच्या सिम्युलेटर चेकचा अहवाल
- सैन्यातून येत असाल तर युनिटने सही-शिक्का केलेलं उड्डाण रेकॉर्ड, विमानप्रकारानुसार तोडलेलं, इन्स्ट्रक्टर पात्रतेची पत्रं, सेवामुक्तीचा दाखला. हे सेवेत असतानाच मागा, बाहेर पडल्यावर ज्या क्लार्कला तुमचं काम माहीत होतं त्याची बदली झालेली असते
- पासपोर्ट आणि पोलिस पडताळणी

६. एअरलाइनचा पगार कसा वाचायचा

पायलटला "महिन्याला किती" असं विचारलं की सरळ उत्तर मिळत नाही, तो लपवत नसतो, तो आकडा खरंच दर महिन्याला बदलतो. दोन मुख्य पद्धती आहेत. अमेरिकेत तासाचा दर, जो सीट, विमान आणि कंपनीतली वर्षं यावर ठरतो, आणि महिन्याची गॅरंटी, बऱ्याच ठिकाणी ७० ते ७५ तासांची. समजा गॅरंटी ७५ आहे, तर ६० तास उडालात तरी ७५ चे पैसे, ८२ उडालात तर ८२ चे. दुसऱ्या पद्धतीत ठरलेला मूळ पगार, त्यावर उडालेल्या तासांचे किंवा फेऱ्यांचे वेगळे. इथे लक्ष द्या, मूळ पगार लहान आणि उडण्याचा भाग मोठा असेल तर विमानं जमिनीवर थांबली की तुमचं घरही थांबतं. २०२० मध्ये कितीतरी जणांनी हे सोसलंय.

बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता हा खर्चासाठी असतो, तो पगारात धरून कर्जाचा हप्ता ठरवू नका. पैसे बहुतेक वेळा दार बंद होऊन विमान हलल्यापासून मोजतात, त्याआधीचा ब्रीफिंगचा, उशिराचा, विमानतळावर ताटकळण्याचा वेळ त्यात नसतो. स्टँडबायला (बोलावलं तर यायला तयार बसण्याला) किती मिळतं, ट्रेनिंगच्या काळात किती मिळतं, प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी नेलं तर किती, हे तीन प्रश्न करारात शोधा.

सगळ्यात मोठी उडी उजव्या सीटवरून डाव्या सीटवर जाताना. तरी काही जण मुद्दाम थांबतात, कारण नवा कॅप्टन रोस्टरमध्ये शेवटी, सगळे सण स्टँडबायवर, आणि जुना फर्स्ट ऑफिसर मात्र आपल्याला हव्या त्या सुट्ट्या घेतो. लहान मुलं घरी असतील तर हा निर्णय पैशावर सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

७. सैन्याचा पगार कसा वाचायचा

इथे हिशोब सोपा. रँक आणि सेवेची वर्षं यावर मूळ वेतन, त्यावर उड्डाण भत्ता, घर किंवा घरभाडं, वैद्यकीय, आणि शेवटी पात्र असाल तर पेन्शन. महिन्यात १० तास उडालात की ४०, पगार साधारण तोच. भारतात मिलिटरी सर्व्हिस पे म्हणून ऑफिसरला महिना १५,५०० रुपये वेगळे मिळतात, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे. अमेरिकेत अनुभवी पायलट सोडून जाऊ नयेत म्हणून करार वाढवणाऱ्याला वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत बोनस द्यायची कायद्यात तरतूद आहे, यावरून एअरलाइनची ओढ किती आहे ते समजा.

ट्रेनिंगचा खर्च सरकार करतं, तुम्ही कर्जात सुरू होत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. त्याची किंमत वर्षांत मोजावी लागते. अमेरिकन हवाई दलात विंग्ज (पायलट झाल्याचा बिल्ला) मिळाल्यापासून १० वर्षं. म्हणजे २४ व्या वर्षी विंग्ज तर ३४ ला मोकळे, आणि एअरलाइनमध्ये ६५ व्या वर्षापर्यंत उडता येतं, तेव्हा ३१ वर्षं हातात. तुमचा एखादा मित्र २४ ला थेट एअरलाइनला गेला तर त्याच्याकडे ४१ वर्षं, आणि सीनियॉरिटीत तो कायम तुमच्या पुढे. हे गणित कागदावर करा. पण फक्त पैशासाठी सैन्यात जाऊ नका, आणि फक्त पैशासाठी सोडूही नका. तिथे जे काम हातून होतं, ते दुसरीकडे कुठे होत नाही, पुरात अडकलेल्या गावावर सामान टाकून परत येताना जे वाटतं त्याचा रकाना कुठल्याच स्लिपमध्ये नाहीये.

तुलना करताना नेहमी होणारी चूक म्हणजे सैन्याचं नुसतं मूळ वेतन आणि एअरलाइनचा सगळे भत्ते धरून आकडा समोरासमोर ठेवणं. सैन्याच्या बाजूला घर, औषधपाणी आणि पेन्शन जोडा, एअरलाइनच्या बाजूने ट्रेनिंगचं कर्ज आणि बाँड (ठरलेल्या वर्षांआधी कंपनी सोडली तर भरायची रक्कम) वजा करा, मग बघा.

८. सही करायच्या आधी हे विचारा

टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा, आणि बाँड किती वर्षांचा? मध्ये सोडलं तर रक्कम दरवर्षी कमी होते का पूर्ण भरायची? गॅरंटी तासांची आहे की नाही? कॅप्टन होण्याचा सध्याचा काळ किती, आणि तो कंपनी सांगते की तिथे काम करणारे सांगतात (काम करणाऱ्यांचं धरा)? ट्रेनिंगमध्ये नापास झालात तर पैसे कोणाचे बुडणार?

उजव्या सीटवर बसण्यासाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागणारी योजना असेल तर तिथून निघा. तास मिळतील, पण ते संपले की तुमच्या जागी पुढचा पैसे भरणारा बसेल.

मेडिकल गेलं तर काय, हे पण आत्ताच विचारा. लायसन्स गमावल्यास मिळणारा विमा कंपनी देते का स्वतः घ्यायचा, आणि तो तात्पुरत्या आजाराला लागू होतो की फक्त कायमच्या, हे पॉलिसीत वाचा. माझ्या बॅचमधल्या एकाचं ३८ व्या वर्षी मेडिकल गेलं, त्याने विमा घेतला होता म्हणून घर टिकलं आणि तो आज सिम्युलेटरवर शिकवतो. तिथे वैध क्लास १ ची अट बऱ्याचदा नसते, तेव्हा इन्स्ट्रक्टरची पात्रता संधी मिळताच घेऊन ठेवा.